न फुटलेलं कुलूप

आजही बाजारात कोणी म्हणालं ना, की अयूबच्या त्या लिनक्समध्ये भोक होतं म्हणून सगळं झालं, तर माझं डोकं फिरतं. भोक म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्यांना कॉम्प्युटरचं तोंड कुठे आणि पाठ कुठे ते कळत नाही, ते मला सांगणार. मी समोर होते. माझा एसटीडी बूथ आणि अयूबभाईचं सायबर कॅफे यांच्यात एक भिंत, आणि ती पण अशी पातळ की त्याने पलीकडे शिंक दिली तर मी इकडे म्हणायचे, सत्य आहे.

अयूबभाई आधी जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. मग बहारीनला एका हॉटेलात वायरिंग बघायचा. अठ्ठ्याण्णव साली कायमचा रत्नागिरीला परत आला, आणि दोन वर्षांनी आमच्या गल्लीत चार कॉम्प्युटर मांडून बसला. मुलीच्या नावाने पाटी लावली, निदा सायबर कॅफे. उंच, वाळका माणूस, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. गिऱ्हाइकाशी बोलताना पण तो टेस्टर काढून हातात फिरवायचा.

मी त्याला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, "मेल्या, माझ्या पोटावर पाय द्यायला आलास काय?" कारण कुवेत, दुबई, मस्कत इथले सगळे फोन माझ्या बूथवरून व्हायचे. तो हसून म्हणाला, "तुळसाताई, तुझ्याकडे लोक बोलायला येतील. माझ्याकडे गप्प बसायला येतील." खरं होतं ते. माझ्या बूथला काचेचं दार होतं, पण आत पंखा नव्हता. दार लावलं की माणूस उकडून निघायचा, म्हणून सगळे दार उघडं ठेवून बोलायचे, आणि परदेशात ऐकू जायला पाहिजे म्हणून ओरडून बोलायचे. नवऱ्याला काही नाजूक सांगायचं असेल तर बाई काय करणार? तब्येत बरी आहे, आंबे पाठवले, एवढं बोलून फोन ठेवायची आणि डोळे पुसत घरी जायची. हे मी रोज बघायचे.

तर अशा बायका हळूहळू अयूबकडे जायला लागल्या. त्याने पद्धत चांगली बसवली होती. फोनच्या लाईनवर इंटरनेट चालायचं, ते पण रडतखडत. म्हणून बाईने आधी निवांत बसून पत्र लिहायचं, इंग्रजी अक्षरात आपली भाषा, आणि स्वतःच्या खात्यात ठेवायचं. संध्याकाळी लाईन जोडली की तो जिचं तिला बसवून पाठवून घ्यायचा. प्रत्येकीचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. तो सांगायचा, "ही तुमची खोली. चावी तुमची. मी पण विचारणार नाही."

हे खोलीबिली त्याने लिनक्स आणल्यावर सुरू केलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याचे चारही कॉम्प्युटर व्हायरसने हैराण केले होते. चालू केला की एका मिनिटात बंद होतोय अशी पाटी यायची आणि खरंच बंद व्हायचा. गिऱ्हाईक शिव्या घालून जायचं. शेवटी एका मासिकाबरोबर आलेली सीडी टाकून त्याने विंडोज काढलं आणि सगळ्यात हे फुकटातलं लिनक्स बसवलं, आणि तेव्हापासून या माणसाच्या तोंडात दुसरा विषय नाही. चहा प्यायला बसला तरी लिनक्स. "ताई, ह्याचा सगळा कोड उघडा असतो. जगात कोणीही वाचावा. हजारो डोळे बघतात त्याच्याकडे. कुठे फट राहिली तर कोणीतरी ओरडतोच. झाकलेल्या वस्तूत काय आहे कोणाला माहीत?"

मी म्हटलं, "उघडं आहे म्हणून चांगलं? आमच्या वाडीची सामाईक विहीर बघ. सातबाऱ्यावर तीस जणांची नावं. येणारा-जाणारा वाकून बघतो. परवा मेलेलं मांजर दोन दिवस तरंगत होतं. सगळ्यांनी बघितलं आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा काढील."

तो म्हणाला, "पण बंद विहीर असती तर तुम्ही मांजरासकट पाणी प्यायला असता." असा हजरजबाबी माणूस. आणि नुसता बोलणारा नव्हता. नवीन दुरुस्ती आली की त्या रडक्या लाईनवर रात्रभर उतरवून घ्यायचा, सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी बसवायचा. आपल्या विहिरीतलं मांजर तो स्वतः काढायचा. हे मी त्याच्या बाजूने सांगते, कारण हे खरं आहे.

पण त्याच माणसाने एक गाढवपणा केला, आणि तो असा की फक्त आमच्याच लोकांच्या हातून व्हावा.

आमच्याकडे घर बंद करून मुंबईला जाताना चावी शेजारी देतात. हिंदू असो, मुसलमान असो, ही रीतच आहे. शेजारी दार उघडतो, केर काढतो, कुठे कौल सरकलंय काय बघतो. चावी न देता गेलात तर शेजारी वर्षभर बोलत नाही, आमच्यावर विश्वास नाय काय म्हणून. अयूबचं घर माझ्या घराशेजारीच, त्याची चावी पण माझ्याकडेच असायची, देवाच्या फळीखाली खिळ्याला. आता कॉम्प्युटरचं काय, तर लाईन तुटली की परत जोडायला मालकाचा पासवर्ड लागायचा. अयूब नमाजाला गेला, जेवायला गेला, की नेमकी लाईन तुटायची. मग काय, त्याने तो पासवर्ड शेजाऱ्यांना देऊन टाकला. मला दिला. समोरच्या मेडिकलवाल्या आप्पांना दिला. चहावाल्या लवूला दिला. आणि कासममामूला दिला. मालकाचा पासवर्ड म्हणजे सगळ्या खोल्यांना लागणारी चावी, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण शेजाऱ्याला चावी द्यायची नाही, हे त्याच्या डोक्यात येणारच कसं?

कासममामू म्हणजे राजिवडा मोहल्ल्यातला. जहाजावरून रिटायर झालेला, दिवसभर कॅफेत बसून क्रिकेटचा स्कोअर बघायचा. अयूब जेवायला गेला की गल्ल्यावर तोच. त्याचा भाचा साकिब कुवेतला, आणि साकिबची बायको हाजरा दर शनिवारी कॅफेत यायची.

हाजरा नेवरे गावची मुलगी. बारावी झालेली, बोलायला मोकळी. लग्नानंतर नवरा दोन महिने राहिला आणि गेला. राजिवड्याला सासरी फोन यायचा तो सासूच्या हातात, हिच्यापर्यंत पोचायच्या आत कट व्हायचा. म्हणून ही शनिवारी भाजी आणायच्या निमित्ताने यायची, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून लिहायची, आणि जाताना चेहरा असा हलका झालेला असायचा की मला बरं वाटायचं. तिला नवऱ्याजवळ कुवेतला जायचं होतं. नवरा पण व्हिसाच्या मागे लागला होता. एवढं सगळ्या बाजाराला ठाऊक आहे म्हणून सांगते. त्या पत्रांत आणखी काय होतं ते मी सांगणार नाही. विचारू पण नका. नवरा-बायकोतलं होतं. मेल्या लोकांनी वाचलं म्हणून मी पण सांगत सुटू काय?

दोन हजार चारची गोष्ट, गणपती नुकते होऊन गेले होते. एके दिवशी हाजराची पत्रं कागदावर छापून राजिवड्यात फिरायला लागली. सासूच्या हातात, नणंदेच्या हातात, शेजारच्या चार घरांत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूने हाजराला त्याच दिवशी माहेरी, नेवऱ्याला पाठवली. आणि बोभाटा काय केला? पत्रं बाहेर आली कशी, तर हिनेच आपला पासवर्ड कोणातरी पुरुषाला दिला असणार. कोण तो पुरुष? म्हणजे हिचं बाहेर काहीतरी आहे!

वाचणारे पाक, आणि जिचं वाचलं ती पापी. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, अशातली ही माणसं. बरं, कुवेतहून साकिबने पण काय विचारावं? "आधी सांग, पासवर्ड कोणाला दिलास. मग व्हिसाचं बघू." एवढंच. त्या मुलीचा सगळा संसार त्या एका प्रश्नावर अडकला. ती म्हणत होती, कोणालाच नाही दिला. आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण मग पत्रं काय उडून गेली?

चार दिवसांनी दुपारी हाजरा वडिलांना घेऊन कॅफेत आली. वडील बिचारे भातशेतीवाले गृहस्थ, दारातच उभे राहिले, चपला काढू की नको असं चाललेलं. तिला बघून गल्ली जमली. आप्पा दुकान सोडून आले. लवू किटली घेऊन आला. कासममामू तर आतच होता, खुर्चीत, पेपर घेऊन. मी बूथला कडी घातली आणि जाऊन उभी राहिले.

आप्पांना मध्ये पडायची भारी हौस. त्यांनी अयूबला बाजूला घेतलं, पण त्यांचं बाजूला घेणं म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं. "अयूब, उगाच वाढवू नको. सांगून टाक, बाहेरचा कोणी हॅकर घुसला तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. पेपरात रोज येतं असलं. त्या लिनक्सचा दोष. कोणाचं नाव नको, गाव नको. मिटलं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आप्पा, अमेरिकेतला चोर कागद छापून राजिवड्यात वाटायला येतो काय हो? होडीतून आला की एसटीने?" लवू फिस्सकन हसला. आप्पा माझ्याकडे असे बघायला लागले की मीच गुन्हेगार.

आणि अयूब? मला वाटलं हा आता त्या मुलीबद्दल काहीतरी बोलेल. तर हा बाबा तांबडालाल होऊन आप्पांवर उखडला, लिनक्ससाठी! "घुसला? कोण घुसला? कसा घुसेल? मी चार दिवस सगळं तपासलंय. एकेक नोंद बघितली. बाहेरून कोणी आलेलं नाही. माझं लिनक्स फुटलेलं नाही, आप्पा. लिहून देतो." आणि टेस्टर आपटला टेबलावर. मला वाटलं एक ठेवून द्यावी. पोरीचं घर मोडतंय आणि ह्याला आपल्या कॉम्प्युटरची अब्रू पडली आहे!

हाजरा पुढे आली.

"चाचा, नक्की बाहेरून कोणी नाही आलं?"

"नाही. अल्लाची शपथ, नाही."

"आणि मी माझा पासवर्ड कोणाला दिलेला नाही. माझी पण शपथ."

"नसशील दिला, बेटा. मी कुठे म्हणतो?"

"मग चाचा, कुलूप फुटलं नाही, माझी चावी माझ्याकडे. खोली उघडली कशी? दुसरी चावी कोणाकडे असते?"

मी समोरून अयूबकडे बघत होते. त्याच्या डोक्यात काय चाललं ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. मघाचे आप्पांचे शब्द अजून तिथेच होते. नुसतं म्हणायचं, असेल बाबा एखादी फट लिनक्समध्ये. सगळे सुटले असते. तो पण, गल्ली पण. फक्त ती सुटली नसती.

"माझ्याकडे," तो म्हणाला.

"फक्त तुमच्याकडे?"

त्याने आमच्याकडे बघितलं. मग एकेकाकडे बोट करून नाव घेतलं. "आप्पांकडे. लवूकडे. तुळसाताईकडे. कासममामूकडे. मी दिली. मीच दिली. शेजारी म्हणून दिली."

माझं नाव त्या ओळीत ऐकून मी भडकले. मी ओरडले, "अरे, मी त्या कॉम्प्युटरला लाईन जोडण्यापलीकडे कधी बोट लावलं असेल तर हात झडो माझा!" लवूने आईची शपथ घेतली. आप्पा पुटपुटले, मला तर तो पासवर्ड आठवत पण नाही. राहिला कासममामू.

त्याने सावकाश पेपराची घडी घातली. लाज? नाव नको. म्हणतो, "मी बघितलं, मीच छापून बहिणीकडे नेलं. मग? माझ्या भाच्याची बायको आहे. घरातली सून काय लिहिते ते घरच्या मोठ्यांनी बघायचं नाही? चावी मला दिली होती ना? मी काय चोरी केली?"

कुंपणच शेत खातं म्हणतात ते काय, ते मी त्या दिवशी खुर्चीत बसलेलं बघितलं, चष्मा लावून. आणि बोभाटा झाला तेव्हा हाच माणूस कॅफेत बसून म्हणत होता, आजकालच्या पोरींचा काय भरवसा नाय!

हाजराचे वडील दारातूनच म्हणाले, "मामू, आमच्या शेजाऱ्याची चावी दहा-दहा महिने आमच्याकडे असते. आम्ही केर काढतो. कपाट नाय उघडत."

मामू म्हणाला, "ते वेगळं."

"काय वेगळं?" मी विचारलं. "सांग की, काय वेगळं?"

हाजरा मला म्हणाली, "मावशी, बूथ उघडा." मी उघडला. तिने कुवेतचा नंबर फिरवला. काचेचं दार लावायला मी हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे उघडं. लागला फोन. साकिब दुपारचा कामावरच असणार. ती एवढंच बोलली, "तुम्ही विचारलं होतं ना, पासवर्ड कोणाकडे होता? ते इथेच उभे आहेत. त्यांनाच विचारा." आणि रिसीव्हर बाहेर धरला, कासममामूच्या दिशेने.

मामू उठून दारापर्यंत आला होता. तो थांबला. रिसीव्हर हवेत. आतून साकिबचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, कोण आहे, हॅलो. सगळी गल्ली ऐकत होती. मामूने रिसीव्हर घेतला नाही. चपला घातल्या आणि खाली मान घालून निघून गेला. मग हाजराने परत फोन कानाला लावला आणि म्हणाली, "गेले तुमचे मामू." त्यानंतर ती रडली. मी तेव्हा दार लावून घेतलं, उकडलं तर उकडलं.

ईदनंतर तिचा व्हिसा आला. सासूने तोंड वाकडं करून पाठवली, पण पाठवली. लिनक्सची अब्रू राखायला निघालेल्या माणसाने जाता जाता पोरीची राखली. देव कोणाकडून काय करून घेईल!

आता वाटेल, झालं, गोड झालं. कसलं गोड! खरा राग मला पुढचाच आहे. अयूबने त्याच संध्याकाळी मालकाचा पासवर्ड बदलला आणि कोणाला दिला नाही. झालं, गल्ली फुगली. आप्पा म्हणाले, आम्ही काय चोर आहोत? लवूने चहा द्यायचं बंद केलं. राजिवड्याच्या लोकांनी तर कॅफेकडे पाठच फिरवली, म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला म्हणून. पत्रं वाचली त्याचं कोणाला काही नाही! वाचलेलं माफ, पण कुलूप लावलेलं माफ नाही. पुढच्या नाक्यावर एसी लावून नवीन कॅफे निघालं, तिथे व्हायरस भरलेले कॉम्प्युटर, तरी सगळे तिथे. कारण सोपं होतं ना बोलायला, अयूबच्या लिनक्समध्ये भोक आहे. स्वतःकडे बोट दाखवण्यापेक्षा कॉम्प्युटरकडे दाखवलेलं बरं. कॉम्प्युटर काय उलट बोलतो?

हे कानावर आलं की अयूब तडफडायचा. ज्याला त्याला थांबवून समजवायचा, बाबा रे, ते फुटलं नव्हतं, मी दिली होती चावी, चूक माझी होती. लोक म्हणायचे, हो हो, आणि पुढे जायचे. दोन वर्षं त्याने रिकामं दुकान चालवलं. मग कॉम्प्युटर विकले, पाटी उतरवली, आणि मुंब्र्याला लेकीकडे, निदाकडे राहायला जायचं ठरवलं.

जायच्या दिवशी रिक्षा उभी होती. त्याने घराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि सवयीने माझी पायरी चढला. हात पुढे आलेला, चावी हातात. मी पण हात पुढे केला होता. तेवढ्यात तो थांबला. माझ्याकडे बघितलं, चावीकडे बघितलं, आणि ती शर्टाच्या खिशात टाकली, टेस्टरच्या बाजूला.

"येतो, तुळसाताई."

मी म्हटलं, "ये."

इतका संताप आला मला की काय सांगू. इतकी वर्षं ती चावी माझ्याकडे होती, आणि मी त्याच्या कपाटाला कधी हात लावला नाही. त्याला पण ते माहीत होतं. म्हणूनच तर पायरी चढला होता. कासम एका खुर्चीत बसून बघून गेला आणि माझ्या हातातली चावी गेली. हे कोणाला कळतं? देवाच्या फळीखाली तो खिळा अजून आहे, रिकामा. कोणी येऊन म्हणालं ना, की अयूबच्या लिनक्समध्ये भोक होतं, तर मी त्याला आत नेते आणि तो खिळा दाखवते.